अंगठा आणि आकडा

गेल्या दिवाळीत माझी पुतणी बेळगावला आमच्या घरी चार दिवस राहायला आली ती संगणकावर एक लांबलचक तक्ता घेऊनच. दंतवैद्यकाची पदवी मिळवून ती आता एम. डी. एस. करीत आहे. तीन वर्षांच्या या अभ्यासक्रमात प्रबंध अनिवार्य असतो आणि त्या प्रबंधासाठी संशोधनपद्धती, नीतिशास्त्र आणि संख्याशास्त्र या तीन गोष्टींची तोंडओळख तरी व्हावीच लागते. तोंडओळख हा शब्द मी मुद्दाम वापरला नाही, पण दंतवैद्यांच्या बाबतीत तो आपोआपच अर्थपूर्ण होतो. मी आयुष्यभर महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकविले. त्यामुळे घरातली उटण्याची वाटी बाजूला ठेवून तिने पहिली विनंती केली ती अशी : "काका, एवढा 'पी' जरा बघून द्या ना. थोडक्यासाठी अडलाय."

हा 'पी' काय आहे ते पुढे सांगतो. आधी त्या तक्त्याविषयी. तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे निपाणी परिसरातील एक स्त्री होती. तंबाखूच्या वखारीत काम करणारी, नाहीतर घरी विड्या वळणारी. निपाणीची तंबाखू आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी तेथे केलेले आंदोलन, त्या एप्रिलमध्ये झालेला गोळीबार, हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले आहे. वखारीतल्या बायकांच्या संघटनेवर 'युगांतर' या स्त्रियांच्या गटाने १९८२ साली चित्रपटही केला. त्या बायकांचे हात, फुप्फुसे आणि मजुरी यांविषयी त्यामुळे थोडेतरी बोलले गेले. त्यांच्या तोंडाकडे मात्र फारसे कोणी पाहिले नव्हते. मशेरीने दात घासणाऱ्या, दुपारी चिमूटभर तंबाखू गालात धरणाऱ्या या स्त्रियांच्या तोंडात पांढरे चट्टे किती जणींना असतात आणि मशेरीच्या सवयीशी त्यांचा संबंध कितपत आहे, असा माझ्या पुतणीचा विषय.

विषय चांगला आहे, आणि त्याला थोर परंपराही आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली दंतसंशोधनाचा एक विभाग काम करीत असे. त्या विभागातील मेहता, प्रकाश गुप्ता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग या मंडळींनी खेडोपाडी घरोघर जाऊन माणसांची तोंडे तपासली. महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या पाहणीचा त्यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. लाखावर माणसांना "आ करा" म्हणणे हीच केवढी तपश्चर्या! पुढे याच परंपरेतून, तंबाखू सोडण्याविषयी समजावून सांगितल्याने तोंडातील चट्टे कमी होतात का, हे ३६,००० तंबाखूसेवकांवर पाहिले गेले आणि ते कमी होतात असे १९८६ साली दिसून आले. तंबाखूविषयी आज जे आपण सहज बोलतो त्यातले बरेच या आ केलेल्या तोंडांनी आपल्याला दिलेले ज्ञान आहे. माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. ज्याच्या तोंडातून हे ज्ञान निघाले त्याचे आपण काय लागतो?

पुतणीने मला संमतिपत्राचा नमुना दाखविला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० मध्ये प्रथम, नंतर २०००, २००६ आणि २०१७ साली विस्ताराने मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. त्यांनुसार संमतिपत्र सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत हवे. ती निरक्षर असेल तर एक तटस्थ साक्षर साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा आणि मग अंगठा घ्यावा. पुतणीच्या संमतिपत्राच्या प्रती इंग्रजीत, कन्नडमध्ये आणि मराठीत होत्या. सीमाभागात हे तिन्ही असणे हीच सभ्यता आहे, आणि तेवढ्यापुरता माझा ऊर भरूनही आला. पण मराठी प्रत वाचू लागलो तो, "प्रस्तुत संशोधनप्रकल्पातील सहभाग सर्वस्वी ऐच्छिक असून सहभागी व्यक्तीस कोणत्याही टप्प्यावर कारण न देता माघार घेण्याचा अधिकार अबाधित राहील." वाक्य शुद्ध आहे. मी स्वतः असेच वाक्य लिहिले असते. आपल्या या त्रैमासिकातही ते खपून जाईल. मी विचारले, "वखारीत हे वाचून दाखविल्यावर बाया काय म्हणाल्या?" ती हसली आणि मग गप्प झाली. एका वयस्कर बाईने सगळे शांतपणे ऐकून घेतले, अंगठा उठविला आणि विचारले, "बाई, ह्ये झाल्यावर माज्या दाडंचं दुखनं थांबंल न्हवं?"

या एका प्रश्नात संमतीचे सगळे शास्त्र कोसळून पडते. तिने संमती दिली होती ती उपचाराला. आम्ही घेतली ती पाहणीसाठी. कागदावर दोन्ही एकच दिसतात, कारण अंगठ्याला अर्थ नसतो, फक्त रेषा असतात. आपण सीमाभागातले लोक भाषेच्या हक्कासाठी १९५६ पासून भांडत आलो आहोत. कचेरीतला कागद आपल्या भाषेत असावा हा आपला आग्रह योग्यच आहे. पण त्या दुपारी मला असे वाटून गेले की कागद मराठीत आला म्हणजे माणसाच्या भाषेत आला असे नाही. वखारीतल्या बाईच्या दृष्टीने माझी छापील मराठी आणि कचेरीतली कन्नड यांत फारसा फरक नसेल. हे लिहिणे मला सुखाचे नाही.

दंतवैद्यकाच्या इतिहासात या बाबतीतले सर्वांत अस्वस्थ करणारे पान स्वीडनचे आहे. लुंड शहरातील व्हीपेहोल्म रुग्णालयात मतिमंद प्रौढांना ठेवले जाई. तेथे १९४५ ते १९५५ या काळात दात किडण्याच्या कारणांचा शोध घेणारे प्रयोग झाले. १९४७ पासून ४३६ रुग्णांच्या वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या रीतीने साखर दिली गेली. काहींना जेवणाबरोबर, काहींना मधल्या वेळेस, आणि काहींना दिवसाला चोवीसपर्यंत टॉफ्या. टॉफी दाताला चिकटून राहील अशी खास बनविलेली होती. खर्चाचा काही भाग साखर आणि मिठाईच्या उद्योगाने उचलला होता. निष्कर्ष बिनतोड निघाला. साखर एकूण किती खाल्ली याहून ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती चिकटली यावर कीड अवलंबून असते. आपल्या नातवंडांना "जेवणाबरोबर खा, सारखी चघळू नको" असे आपण चिक्की हातात देताना सांगतो, त्यामागे त्या माणसांचे किडलेले दात आहेत. त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांच्या नातेवाइकांनाही नाही. आणि ज्या १९४७ साली टॉफ्यांचे वाटप सुरू झाले त्याच वर्षी न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने माणसावरील प्रयोगासाठी स्वेच्छेची संमती ही पहिली अट ठरविली होती. ती नाझी डॉक्टरांसाठी आहे, आपल्यासारख्या सज्जनांसाठी नव्हे, असे स्वीडनमधल्या सज्जनांना वाटले असावे. सज्जनांचे हे नेहमीचेच आहे.

पण या उदाहरणावरून संशोधनच नको असा निष्कर्ष काढणे सोपे आणि चुकीचे होईल. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात, येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकेतील संशोधक यांनी मिळून एक चाचणी केली. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने खेड्यातल्या बायका दगावत. त्यावरची सुई थंड जागी ठेवावी लागते आणि ती टोचायला शिकलेला हात लागतो. त्याऐवजी मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी तोंडाने दिली तर? एकूण १,६२० बायका. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने ८१२ जणींना औषधाची गोळी आणि ८०८ जणींना तशीच दिसणारी निर्गुण गोळी. कोणाला कोणती, हे देणाऱ्या नर्सलाही ठाऊक नाही. रक्तस्रावाचे प्रमाण निर्गुण गोळीच्या गटात १२ टक्के आले, औषधाच्या गटात ६.४ टक्के. दर अठरा बायकांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळतो, असा त्याचा हिशेब. २००६ साली हे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. बेळगावच्या खेड्यांतल्या बायकांनी आफ्रिकेतल्या बायकांसाठी केलेले हे काम आहे, आणि आपल्या गावात त्याची फारशी वाच्यता नाही याचे मला नवल वाटते.

आता आकडेमोड पुढे नेऊ. निर्गुण गोळी मिळालेल्या ८०८ जणींनाही औषध दिले असते तर सुमारे पंचेचाळीस जणींचा रक्तस्राव टळला असता. हे वाक्य बरोबर आहे आणि अन्याय्यही आहे. कारण चाचणी संपण्यापूर्वी ते कोणालाच म्हणता आले नसते. त्या बायकांना हाती असलेला कोणताही उपचार नाकारला गेला नव्हता. खेड्यात तेव्हा जे मिळत होते ते त्यांना मिळालेच. संशोधकाला खरोखर ठाऊक नसेल, आणि ठाऊक नाही हे त्याने सांगितले असेल, तरच चिठ्ठी टाकण्याचा त्याला अधिकार आहे. व्हीपेहोल्ममध्ये तसे नव्हते. साखरेने दात किडतात याची शंका तेव्हाही पुष्कळ होती, म्हणूनच तर टॉफी चिकट केली. दोन्हीकडे आकडे आहेत, दोन्हीकडे गट आहेत. फरक अज्ञानाच्या प्रामाणिकपणात आहे. संख्याशास्त्र हे मुळात अज्ञान मोजण्याचे शास्त्र आहे, असे मी वर्गात सांगत असे आणि मागच्या बाकावरची मुले ते हमखास माझ्यावर उलटवीत.

आता 'पी'. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात सोयीची म्हणून एक रेघ सुचविली. समजा, मशेरी आणि चट्टे यांचा काहीच संबंध नाही. तरीही निव्वळ योगायोगाने, आपल्या नमुन्यात दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती? ती विसात एक, म्हणजे ०.०५ पेक्षा कमी असेल तर योगायोग मानणे अवघड आहे असे धरावे. सोय म्हणून सुचविलेली ही रेघ शंभर वर्षांत लक्ष्मणरेषा झाली. रेघेच्या आत आलेला प्रबंध नियतकालिकात छापून येतो, बाहेरचा पेटीत पडून राहतो. अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१६ साली निवेदन काढून सांगितले की एवढ्या एका आकड्यावर शास्त्रीय निष्कर्ष ठरवू नका. पण परंपरा निवेदनांनी मोडत असत्या तर काय हवे होते!

पुतणीचा 'पी' त्या रेघेच्या जरासा बाहेर होता. तिला कोणीतरी ज्येष्ठाने सुचविले होते की चार नोंदी "चमत्कारिक" आहेत, वर्षानुवर्षे मशेरी लावूनही तोंड स्वच्छ असलेल्या बायकांच्या. त्या वगळून बघ. वगळल्यावर 'पी' आत येत होता. सुचविणारा दुष्ट नव्हता. विद्यार्थिनीचे भले व्हावे असेच त्याला वाटत होते, आणि मशेरी घातक आहे हे तर खरेच आहे. मग खऱ्या गोष्टीसाठी चार ओळी पुसल्या तर बिघडले कोठे?

मी तिला म्हटले, "अगं, पत्रिका जुळत नाही म्हणून मुलीची जन्मवेळ चार मिनिटे पुढे सरकवतात, तसे हे आहे." नोंदी वगळण्यात पाप नाही. कोणाच्या नोंदी वगळायच्या हे आधी ठरवून लिहून ठेवले असेल तर तो नियम होतो. निकाल पाहून ठरविले तर ती लबाडी होते, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणूनच आपल्याकडे २००७ पासून वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही आहे, काय शोधणार आणि कसे शोधणार ते आधीच जाहीर करण्यासाठी. पण माझे खरे म्हणणे वेगळे होते. त्या चौघींनीही दिवसाच्या मजुरीतला तास मोडून तोंड उघडले होते. अंगठा दिला होता. त्यांना तक्त्यातून पुसणे म्हणजे तुमचे सांगणे आमच्या गोष्टीत बसत नाही म्हणून तुम्ही नव्हताच, असे म्हणणे. संख्येशी केलेली लबाडी ही कागदावरची चूक असते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती कोणा माणसाशीच केलेली असते.

या ठिकाणी इरावती कर्वे यांची आठवण येणे अपरिहार्य होते. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्याही एके काळी मार्गदर्शकाच्या हाताखाली प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनी होत्या. १९२७ साली त्या बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या शास्त्राचे मोठे नाव, जे पुढे १९३३ साली हिटलरच्या राजवटीत बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतील असमानता गोऱ्या वंशात अधिक असते आणि ती बुद्धीच्या वरचढपणाची खूण आहे, अशी धारणा तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी कवट्या मोजल्या. असमानता सर्व मानवांतच आढळते, वंशाशी तिचा संबंध दिसत नाही, असे त्यांनी लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध. आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांचा 'पी' रेघेच्या बाहेर राहिला आणि त्यांनी तो तसाच ठेवला.

पुतणीला हे फार आवडले. मग मीच पुढचे सांगितले, कारण अर्धी गोष्ट सांगणेही नोंद वगळण्यासारखेच. त्या कवट्यांमध्ये जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्याही होत्या. त्या माणसांनी कधी अंगठा दिला नव्हता. निष्कर्ष निर्मळ होता, साधन निर्मळ नव्हते. दोन्ही एकाच प्रबंधात असू शकतात.

"शितावरून भाताची परीक्षा" ही आपली म्हण संख्याशास्त्राच्या वर्गात मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहीत असे. पुणे विद्यापीठात हा विषय उभा करणारे वसंत हुजूरबाजार मूळचे आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे, त्यामुळे हा विषय या मातीतला आहे असेही उगाच सांगत असे. म्हण खरी ठरते ती भात एकसारखा शिजलेला असतो म्हणून. माणसे एकसारखी शिजलेली नसतात. पुतणीने वखारीत जाऊन बायका तपासल्या, पण जिचे तोंड फारच दुखावले आहे ती वखारीत येतच नाही, घरी पडून असते. जिची दाढ ठणकते ती तपासणीला धावत येते. जिला मशेरीची लाज वाटते ती "न्हाई लावत" म्हणून सांगते. त्या चार "चमत्कारिक" बायकांचे रहस्यही कदाचित एवढेच असेल. पुसण्याऐवजी त्यांच्याकडे पुन्हा गेले असते तर काही कळले असते.

तिने चारही नोंदी ठेवल्या. प्रबंधात "संबंध असावा, पण या नमुन्यावरून निश्चित म्हणता येत नाही" असे लिहिले. त्याबद्दल तिला बोलणी खावी लागली की नाही ते मी विचारले नाही.

संक्रांतीच्या सुमारास तिचा फोन आला, तो वेगळ्याच कारणाने. दोन परीक्षकांची निरीक्षणे कितपत जुळतात हे पाहण्यासाठी तिने प्रत्येक तोंडाची छायाचित्रे दुसऱ्या अनुभवी परीक्षकाला दाखविली होती. एका छायाचित्रात, जिभेखाली, तिने 'निरोगी' म्हणून नोंदविलेल्या जागी त्यांना छोटासा लाल चट्टा दिसला. पांढऱ्यापेक्षा लाल चट्टा अधिक धोक्याचा. छायाचित्रावर नाव नव्हते, फक्त क्रमांक होता. नाव कोठेही येणार नाही असे संमतिपत्रातच वचन होते, आणि क्रमांक व नाव जोडणारी यादी नियमाप्रमाणे कुलुपात होती. ती उघडण्यासाठी नीती समितीची परवानगी हवी आणि समितीची पुढची बैठक दीड महिन्याने. "काका, मी काय करू?"

नियम त्या बाईच्याच रक्षणासाठी केलेला होता, आणि आता तोच तिच्या आड आला होता. मी थोडा वेळ काही बोललो नाही. गुप्ततेचे वचन कोणाला दिले होते? जगाला नव्हे, तिला. तिच्यापासूनच तिचे तोंड गुप्त ठेवण्याचे वचन कोणी मागितले नव्हते. यादी उघड, म्हटले, आणि उघडली म्हणून त्याच दिवशी समितीला लेखी कळव. चुकलीस असे त्यांना वाटले तर त्यांना तसे म्हणता आले पाहिजे. माझा सल्ला बरोबरच होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ज्याला त्याला सोयीची वाटेल तेव्हा यादी उघडू लागली तर कुलुपाला अर्थ उरत नाही, हे मलाही दिसते.

तिने यादी उघडली, पत्र दिले आणि निपाणीची बस पकडली. बाई वखारीतच भेटली. पुतणीने तिला सगळे सांगितले, यावेळी छापील वाक्यांशिवाय. चट्टा दिसतोय, बहुतेक काही नसेल, पण तुकडा काढून तपासायला हवा, त्यासाठी बेळगावला यावे लागेल, गाडीभाडे आम्ही देऊ. यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. बाई बराच वेळ हातातली चाळण हलवीत राहिली. दिवसाची हजेरी बुडणार होती, घरी सुनेला विचारावे लागणार होते. मग तिने विचारले, "त्या वक्ताला निस्ता अंगठा घेतलासा. आता का इचारायला लागलाय?"

पुतणी म्हणते, तिला त्यावर उत्तर सुचले नाही. पुढच्या सोमवारी ती पुन्हा निपाणीला जाणार आहे.